कीबोर्ड स्वस्त मिळाला, पण वॉरंटी कोणाची?

मराठी घरात कीबोर्डला कीबोर्ड म्हणणारे थोडेच. 'मुलीला कॅसिओ घेतला' असेच सांगितले जाते, मग वाद्यावर नाव यामाहाचे का असेना! कॅसिओ कंपनीने १९८० साली आपला पहिला कॅसिओटोन बाजारात आणला आणि पुढे कंपनीचे नावच वाद्याला चिकटले. आज एकसष्ट पट्ट्यांचा बऱ्यापैकी नवा कीबोर्ड घ्यायचा, तर दहा-पंधरा हजार रुपये सहज जातात. मूल चार महिन्यांत कंटाळणार नाही याची खात्री नसते. अशा वेळी 'ओपन बॉक्स' किंवा 'रिफर्बिश्ड' असे लिहिलेला तोच कीबोर्ड दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसला, की पालकांचे मन तिकडे ओढ घेते. त्यात गैर काही नाही. मात्र या दोन शब्दांचा अर्थ आधी विक्रेत्याकडून नीट काढून घ्यायला हवा.

ओपन बॉक्स म्हणजे खोके एकदा उघडले गेले आहे, एवढेच. कोणी उघडले आणि का, हे त्यातून कळत नाही. एखाद्याने रंग आवडला नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी परत केलेला कीबोर्डही ओपन बॉक्स, आणि दुकानात सहा महिने मांडून ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बडवलेला नमुनाही ओपन बॉक्सच. रिफर्बिश्ड म्हणजे बिघडलेला किंवा वापरलेला माल दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. दुरुस्ती कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात झाली की दुकानामागच्या खोलीत, हा यातला खरा प्रश्न.

वॉरंटीचे सगळे गणित तारखेवर चालते. कंपनीची वॉरंटी सहसा पहिल्या ग्राहकाच्या बिलापासून मोजली जाते. समजा, एक वर्षाची वॉरंटी असलेला कीबोर्ड कोणी जानेवारीत घेतला, परत केला आणि तोच ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या घरी आला. दुकानदार 'एक वर्ष वॉरंटी' म्हणाला तरी कंपनीच्या हिशेबी उरले जेमतेम पाच महिने. म्हणून पैसे देण्यापूर्वी वाद्याच्या तळाशी असलेला सिरियल नंबर उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून उरलेली मुदत विचारावी. हा फोन करायला विक्रेता आढेवेढे घेऊ लागला, तर दुसरे दुकान पाहिलेले बरे.

'आमची सहा महिन्यांची गॅरंटी' हा प्रकार वेगळा. ती दुकानाची हमी, कंपनीची नव्हे. दुकान जुने आणि गावातलेच असेल, तर तीही पुष्कळ उपयोगी पडते. पण सुटे भाग, मजुरी आणि ने-आण यांपैकी कशाचा खर्च कोणाकडे, हे बिलावरच लिहून घ्यावे. दुबईहून किंवा अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या वाद्याची वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. शिवाय अडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावताच जळेल.

आता तपासणी. दुकानात डेमोचे गाणे लावून दाखवतात. त्यावरून स्पीकर चालतो एवढेच समजते. बहुतेक टच रिस्पॉन्सच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. पट्टी दाबताना एक आधी जुळतो, दुसरा नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका आवाज मोठा. रबर झिजले किंवा खाली धूळ गेली, की एखादी पट्टी हळू दाबली तरी कडाडते, नाहीतर मुकीच राहते. घरी मग आठ वर्षांच्या मुलीला ओरडा बसतो, 'अगं, किती आपटतेस!' बिचारीचा काही दोष नसतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात वाजवाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येते का, हेडफोनमध्ये दोन्ही कानांना ऐकू येते का, हेही पाहावे. सेलचा कप्पा उघडून पत्र्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसली, तर आत कधीतरी सेल गळले आहेत असे समजावे. अडॉप्टर मूळचाच मागावा. व्होल्टेज किंवा पिनेचे अधिक-उणे चुकले तर नुकसान मोठे, आणि ते बहुतेक वॉरंटीत बसत नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुरुस्त केलेला किंवा वापरलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. पण ज्याने बिलावर स्पष्ट 'ओपन बॉक्स' लिहिले आहे, त्याने नवा म्हणून फसवले असे म्हणता येणार नाही. घरी शिकवणी घेऊन पोट भरणारी शिक्षिकाही या कायद्याने ग्राहकच ठरते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे भागले नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. विक्रेता दिल्लीचा आणि घर बेळगावात असले, तरी तक्रार बेळगावात करता येते.

एक गोष्ट मात्र हमखास घडते. वाढदिवसाची भेट म्हणून कीबोर्ड महिनाभर आधी मागवला जातो, मुलाला दिसू नये म्हणून खोके तसेच माळ्यावर चढते आणि परत करायची सात-दहा दिवसांची मुदत तिथेच संपते. खोके येईल त्याच रात्री, मुले झोपल्यावर, ते उघडावे. उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, हेडफोन लावून सगळ्या पट्ट्या वाजवाव्यात आणि मग चिकटपट्टी लावून खुशाल माळ्यावर ठेवावे.