चिऊच्या दारावरची टकटक

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिने पुन्हा एकदा 'तुंबाड' पाहिला होता. २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला, पण सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला! फोनवर म्हणते, "मामा, आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीवर असाच भीतीदायक थ्रिलर काढला तर?" मागून ताई ओरडली, "काही नको! तेवढी एक गोष्ट तरी धड राहू द्या!"

आम्ही हसलो, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

ताईचा राग मला कळतो. लहानपणीची गोष्ट म्हणजे आजीची गोधडी, तिला रक्ताचे डाग कशाला? पण मंडळी, या गोष्टी कधी इतक्या सोवळ्या होत्या का? फ्रान्समध्ये पेरोने १६९७ साली लाल टोपडीवालीची गोष्ट छापली, तिच्यात शेवटी लांडगा मुलीला खाऊन टाकतो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात भेटतो. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीचं तरी काय? लेकीकडे जाताना वाटेत वाघ-कोल्हे तिला खायला टपलेले, आणि ती परत येताना जाडजूड होऊन येण्याचा वायदा करते. अंधार मुळातच आहे, तो बाहेरून ओतावा लागत नाही.

आणि सिनेमे फसतात ते नेमके तिथे, असं माझं मत. २०११ साली हॉलिवूडने 'रेड रायडिंग हूड' काढला. गावातला नर-लांडगा कोण, आणि नायिकेचं लग्न कुणाशी, यातच सगळा वेळ गेला. मूळ गोष्टीतली भीती, म्हणजे ओळखीच्या आवाजात कुणीतरी भलतंच बोलतंय ही, हरवून गेली. राही बर्वेच्या 'तुंबाड'ला ते बरोबर साधलं. त्याचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. पोराला झोपवायला दाखवायची भीती आणि वाड्यातली जख्ख म्हातारी, एवढ्या सामानावर उभा राहिलेला तो सिनेमा शेवटी हावेबद्दल बोलतो. विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) तसाच. पोरांचा साधा खेळ आणि उसाचा फड. लातूरकडच्या माणसाला फड काही नवा नाही, तरी तो बघून आल्यावर मी बरेच दिवस उसाच्या कडेने जाताना गाडीची काच वर करत होतो. :)

आता चिऊ-काऊ. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दारावर टकटक करतो. आतून चिऊ थांबायला सांगते, बाळाची आंघोळ व्हायचीय, अंग पुसायचंय, तीट लावायचीय... लहानपणी आम्ही यावर खदखदून हसायचो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी भक्कम वाटणारी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. साध्या कुडाच्या झोपडीतली माणसं त्या मानाने वाचली. औसा तालुक्यातल्या आमच्या एका मावशीचं घर गेलं. दोन पोरं घेऊन नांदेडला येते, असा तिचा निरोप आला.

आणि आमच्या घराने काय केलं? मुलांची सहामाही होऊ दे, मागची खोली रिकामी होऊ दे, पाण्याची सोय होऊ दे. एकेक कारण खरंच होतं. मावशी आली ती दिवाळीच्या तोंडावर.

एका रात्री ती आम्हा सगळ्या पोरांना चिऊ-काऊची गोष्ट सांगायला बसली. पहिल्याच टकटकीला चिऊने दार उघडलं. आम्ही कालवा केला, "मावशी, असं नसतं! आधी आंघोळ, मग तीट!" ती म्हणाली, "एवढ्या पावसात कुणी बाहेर ठेवतं का रे?" स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. ते मला आजही दिसतं.

म्हणून भाचीला सांगतो, काढा थ्रिलर. फक्त काऊला खुनी करू नका, तो सोपा मार्ग आहे. कॅमेरा घराच्या आत ठेवा. बाहेर पाऊस, दारावर टकटक, आणि आत एक चांगली, प्रेमळ आई पुढचं कारण शोधतेय. भीती वाटायला हवी ती तिची... म्हणजे आपलीच.

आणि ताई, तुला सांगतो, त्याने गोष्ट बिघडणार नाही. माझ्यापुरती ती १९९३ सालीच बदलली, आणि मला ती अजूनही आवडते.

असो. तुमच्या घरी चिऊ दार कधी उघडायची? जरूर कळवा.