नव्या उपकरणांचे वर्ष आणि गादीवरचा फोन

आडत दुकानाच्या गादीवर पूर्वी काही वस्तू हमखास असत. रोजमेळाची वही, कुलूपबंद गल्ला, टेलिफोनचे काळे यंत्र आणि भिंतीवरची दिनदर्शिका. लातूरचा आडत बाजार असो वा नांदेडचा नवा मोंढा, आज या साऱ्यांचे काम एकटा मोबाईल फोन करतो. सोयाबीनचा भाव त्यावर येतो, ट्रकची बिल्टी त्यावर पाठविली जाते, शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे त्यावरून जातात आणि उधारीची आठवणही त्यावरूनच दिली जाते. गल्ला रात्री घरी नेऊन कपाटात ठेवणारा व्यापारी हा नवा गल्ला मात्र जेवताना नातवाच्या हाती खेळायला देतो. २०२५ या वर्षात बाजारात आलेल्या नव्या उपकरणांचा विचार या गादीवरूनच करणे योग्य ठरेल.

वर्षभर जाहिरातींत गाजला तो फोनचा सडपातळपणा. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ एज ५.८ मिलिमीटर जाडीचा निघाला आणि सप्टेंबरात आलेला आयफोन एअर त्याहूनही पातळ, ५.६ मिलिमीटरचा. पहिल्याची किंमत १ लाख ९ हजार ९९९ रुपयांपासून, तर दुसऱ्याची १ लाख १९ हजार ९०० रुपयांपासून होती. जाडी घटली की बॅटरीची जागाही घटते, हे सांगण्यास अभियंता लागत नाही. जुलैत आलेला घडीचा गॅलॅक्सी झेड फोल्ड ७ हा १ लाख ७४ हजार ९९९ रुपयांपासून पुढे होता. वस्तू देखणी आहे, यात वाद नाही. पण तिच्यातील किती रक्कम उपयोगाची आणि किती मिरवण्याची, हा हिशेब घेणाऱ्याने स्वतःशी करावा. मे महिन्यात रे-बॅन आणि मेटा यांचा कॅमेरा असलेला चष्मा २९ हजार ९०० रुपयांपासून भारतात विक्रीस आला. समोरच्याला नकळत छायाचित्र घेता येऊ नये म्हणून त्यावर छोटा दिवा लागतो, हे खरे. तरीही समोर बसलेल्याच्या चष्म्यातून आपल्या खतावणीवर कॅमेरा रोखलेला असावा, हे कोणत्याही पेढीला रुचणारे नाही.

खरी उपयुक्त सुधारणा मात्र बॅटरीत झाली आणि तिचा गाजावाजा कमी झाला. नेहमीच्या लिथियम बॅटरीच्या ऋण ध्रुवात ग्रॅफाइट असते. त्यात सिलिकॉन मिसळले की तेवढ्याच जागेत अधिक लिथियम साठविता येते. परंतु भारित होताना सिलिकॉन फुगते, म्हणून त्याला कार्बनच्या जाळ्यात धरून ठेवावे लागते. या तंत्रामुळे विवो टी४, आयक्यू झेड१० आणि वनप्लस १५ या फोनमध्ये ७,३०० एमएएच क्षमतेच्या बॅटऱ्या आल्या. काही वर्षांपूर्वी ५,००० हा आकडा मोठा वाटे. सौद्याच्या दिवशी दुपारीच फोन मान टाकतो, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्यासाठी वर्षातील हीच बातमी महत्त्वाची.

२२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा फोनही स्वस्त झाले असा समज अनेक घरांत झाला. वातानुकूलन यंत्रे, ३२ इंचांहून मोठे दूरचित्रवाणी संच आणि भांडी धुण्याची यंत्रे २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली. मोबाईल फोन मात्र एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांतच आहे आणि तेथेच राहिला. करासह २०,००० रुपयांच्या फोनमध्ये सुमारे ३,०५१ रुपये कर असतो. फोन धंद्यासाठी घ्यावयाचा असेल आणि पेढी नोंदणीकृत असेल, तर बिलावर पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. हा कर वजावटीस मिळू शकतो. घरच्या नावाने रोखीत फोन घेऊन मग मुनिमाला खर्ची टाकायला सांगणे म्हणजे ही रक्कम सोडून देणे होय. (आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, फोनवर मात्र यंत्रसामग्रीप्रमाणे १५ टक्के, दोन्ही एकाच ओळीत लिहू नयेत.)

आता फोन बदलण्याचा हिशेब. उदाहरणादाखल १८,००० रुपयांचा फोन दोन वर्षांत बदलला, तर महिना ७५० रुपये पडतात. त्याच फोनला दोन वर्षांनी २,००० रुपये खर्चून चांगली बॅटरी बसविली आणि तो चार वर्षे वापरला, तर महिना ४१७ रुपये. घरात पाच फोन असतील, तर वर्षाला जवळजवळ २०,००० रुपयांचा फरक. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरी चिपचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी संगणक केंद्रे त्या उचलत होती. नवा फोन महागण्याचीच ती चिन्हे होती. मात्र हा हिशेब एका अटीवर चालतो. फोनला कंपनीकडून सुरक्षा अद्यतने मिळत राहिली पाहिजेत. ती थांबलेल्या फोनवर बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराला बाहेरून रंग देणे. सॅमसंगने गॅलॅक्सी ए१७ सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांची हमी दिली आहे, महागड्या मालिकांना सात. खरेदी करताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी हा आकडा विचारावा. हीच बाब दुकानातील संगणकाची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापराच्या संगणकांना एक वर्षाची वाढीव सुरक्षा घेता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. टॅलीचा सारा डोलारा ज्या जुन्या संगणकावर उभा आहे, त्याची चौकशी मार्चअखेरच्या धावपळीआधी व्हावी.

फोनचे आयुष्य घटविणारा मराठवाड्यातील सर्वांत मोठा शत्रू ऊन आहे. आयफोनची कंपनी ० ते ३५ अंश सेल्सियस एवढ्याच तापमानात फोन वापरावा असे सांगते. नांदेड-लातूरचा पारा मे महिन्यात ४० अंशांपलीकडे जाणे नित्याचे. पत्र्याच्या गोदामात आणि बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी अधिक. लिथियम-आयन बॅटरीविषयी नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत. पूर्ण भारित बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांत ठेवली, तर ६५ टक्केच. पण तीच बॅटरी ४० टक्के भारित ठेवली, तर ४० अंशांतही ८५ टक्के उरते. म्हणजे केवळ उष्णता नव्हे, तर उष्णता आणि भरलेली बॅटरी या दोहोंची गाठ घातक आहे. गादीजवळ दिवसभर चार्जरला लावून ठेवलेला फोन नेमक्या याच अवस्थेत असतो.

उपाय साधा आहे. बहुतेक नव्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगात ८० टक्क्यांवर भारण थांबविण्याची सोय असते. दुकानात कायम चार्जरजवळ राहणाऱ्या फोनला ती चालू करावी. भारण होताना जाड आवरण काढून ठेवावे. मोटारीच्या काचेखाली फोन ठेवू नये, आणि तापलेला फोन शीतकपाटात तर मुळीच घालू नये. आत बाष्प धरते. कुलरच्या ओल्या हवेसमोर धरणेही तसेच. तो बंद करून सावलीत ठेवावा, एवढे पुरते. रात्रभर चार्जिंगची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही, कारण फोन स्वतःच प्रवाह तोडतो. पण उशीखाली ठेवून भारणे आजही धोक्याचे आहे. बॅटरी फुगून पडदा उचलला गेला असेल, तर तो दाबून बसवू नये आणि पुन्हा भारूही नये. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

दुसरा शत्रू धूळ. डाळ मिलची भुकटी आणि सोयाबीनचा भुसा चार्जिंगच्या छिद्रात बसतो, मग चार्जर लागत नाही आणि फोन बिघडला असे वाटते. अनेकदा बंद फोनच्या छिद्रातील धूळ लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढली, तरी काम भागते. टाचणी किंवा सुई वापरू नये, आतील धातूच्या पट्ट्या वाकतात. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा; तो खरा की खोटा हे ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येते. गंजगोलाईच्या भोवती सोळा रस्ते मिळतात आणि प्रत्येकावर शंभर-दीडशे रुपयांचे चार्जर मिळतात; त्यांतील चिन्हाविनाचे स्वस्त नसून महागच पडतात.

२०२५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मुखेडपासून लातूरपर्यंत घरादारांत पाणी शिरले आणि कित्येक फोन भिजले. अशा वेळी फोन तांदळाच्या पोत्यात पुरण्याचा उपाय धान्यबाजारात सर्वांना सुचतो, कारण पोते हाताशी असते. ॲपलने २०२४ मध्ये हा उपाय करू नये असे स्पष्टच सांगितले, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. फोन बंद करावा, सिम काढावे, छिद्र खाली करून हलकेच आपटावा आणि हवेशीर जागी सुकू द्यावा. ओला असताना चार्जर लावू नये. ‘आयपी६८’ असे लिहिलेला फोनही गोड्या, स्वच्छ पाण्यासाठी तपासलेला असतो, पुराच्या चिखलासाठी नव्हे.

येथवर यंत्राची निगा झाली. फोनमधील पैशाची निगा त्याहून निकडीची आहे. नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिकेचे चित्र वाटणारी ती वस्तू वास्तविक ‘एपीके’ प्रकारची फाईल, म्हणजे एक ॲपच होते. ते उघडल्यावर फोनमधील माहिती चोरांच्या हाती गेली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. व्यापारी समाजात लग्नसराईत दिवसाला दहा पत्रिका येतात आणि पत्रिका न उघडणे हा अपमान समजला जातो. चोरांनी नेमकी ही रीत हेरली आहे. खरी पत्रिका चित्र, चलचित्र किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके दिसले, तर पाठविणारा सख्खा मामा असला तरी उघडू नये. आधी मामांना फोन करून विचारावे, कारण त्यांचाच फोन चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप्स’ बसविण्याची परवानगी व्हॉट्सॲप व ब्राउझर या दोहोंसाठी बंद ठेवावी.

पैसे गेलेच, तर घड्याळाकडे पाहावे. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी आणि त्याच तासात बँकेला कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित असते. पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र ग्राहकाचेच. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ या संकोचात घालविलेला प्रत्येक तास रोख रकमेत मोजावा लागतो. ही लाज विशेषतः घरातील ज्येष्ठांना वाटते, आणि त्यांना रागावणारी मुले ती वाढवितात.

फोन हरवला, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून तो देशभर बंद करता येतो. त्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो क्रमांक दिसतो. आजच पाहून घरातील सर्व फोनचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत, फोनमध्ये नव्हे. सिमलाही पिन लावता येतो. यूपीआय लाइटमध्ये १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनविना होतो आणि त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक राहू शकते. ज्याचा फोन दुकानात चार हातांतून फिरतो, त्याने ती शिल्लक थोडकीच ठेवावी. दुकानाचे चालू खाते ज्या फोनवर आहे, तो मुलांच्या खेळासाठी द्यायचाच नाही, असा नियम लातूरच्या शिकवणी वर्गांत मुले धाडणाऱ्या घरांतही पाळता येण्याजोगा आहे.

जुना फोन विकताना वा बदलून घेताना क्रम चुकवू नये. आधी छायाचित्रे व हिशेबाच्या फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात, मग बँकेच्या व यूपीआयच्या ॲपमधून बाहेर पडून ते फोन नोंदणीतून काढावेत, नंतर गुगल किंवा ॲपलचे खाते काढावे आणि शेवटी फोन पूर्ण कोरा करावा. खाते न काढता कोरा केलेला फोन घेणाऱ्याला चालू करता येत नाही आणि तो दुसऱ्या दिवशी दुकानात परत येतो. ज्याची किंमत शंभर रुपयेही येत नाही, तो कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नये, त्यातील बॅटरी दाबली गेल्यास पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि मोठ्या कंपन्यांची सेवा केंद्रे असे फोन स्वीकारतात. नेताना सिम आणि मेमरी कार्ड काढल्याची खात्री करून घ्यावी.