दगड धरणारी प्लेट

पाटणसारख्या तालुक्याच्या गावात मोटर जळाली म्हणून कोणी डोक्याला हात लावून बसत नाही. कोयनेचं पाणी उसाला चढवणाऱ्या मोटरी उन्हाळ्यात जळायच्याच. त्या भरायला टाकायच्या आणि चार दिवसांनी घेऊन यायच्या. तांब्याची तार, बेअरिंग, स्टार्टर, केबल यातलं जे बाजारपेठेत नसेल ते तासाभराच्या वाटेवर कराडला मिळतं. शेतीपंपांनी गावोगाव दुरुस्तीची जी साखळी उभी केली, तिच्या आधाराने आटाचक्की, कडबा कुट्टी, रसवंती अशी कितीतरी यंत्रं निभावून जातात. या साखळीत निम्मंच बसणारं एक यंत्र मात्र तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेलं सापडतं. ते म्हणजे फरशी पॉलिशचं जुनं मशीन.

मोझॅकचा जमाना ज्यांनी पाहिला त्यांना हे मशीन आवाजावरून ओळखता येईल. दोन चाकं, लांब दांडा, वर मोटर, शेजारी पाण्याची टाकी आणि खाली जमिनीलगत फिरणारी बिडाची गोल प्लेट. त्या प्लेटच्या खाचांत कार्बोरंडमचे दगड ठोकून बसवलेले. मोझॅकची फरशी कारखान्यातून येते तेव्हा खडबडीतच असते. सिमेंटमध्ये मिसळलेली संगमरवराची चिप्स जागेवर घासल्यावरच खुलून दिसते. आधी जाड दगड, मग सिमेंटची स्लरी ओढून बारीक भोकं बुजवणं, मग मधला दगड, मग बारीक आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर. सगळं काम पाण्यात. घरभर राखाडी चिखल आणि बाहेरच्या ओट्यावर बसून वाट पाहणारी मंडळी, हे गृहप्रवेशाच्या आधीचं ठरलेलं दृश्य होतं.

मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी 1922 साली सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरच्या चाळीसएक वर्षांत शाळा, बँका, दवाखाने, सरकारी कचेऱ्या आणि मध्यमवर्गीयांची घरं मोझॅकनेच सजली. पुढे मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल आल्या. त्या चकचकीत होऊनच खोक्यातून निघतात, जागेवर घासाव्या लागत नाहीत. पॉलिशवाल्याचं काम रोडावलं, मशीन बनवणारे छोटे कारखानदार दुसऱ्या धंद्याला लागले आणि सुट्या भागांचा पुरवठा हळूहळू आटला.

काम संपलं मात्र नाही. कोटा फरशीला पॉलिश लागतंच. देवळांचे सभामंडप, जुनी मंगल कार्यालयं, शाळांचे व्हरांडे यांची मूळ फरशी अजून ठणठणीत आहे. वरचा थर मळला आहे, एवढंच. ती उखडून टाइल टाकायची म्हणजे राडारोडा, उंबऱ्यांची उंची, दारं खालून कापणं असं सगळं मागे लागतं. शिवाय शहरांतल्या वास्तुरचनाकारांना आता मोझॅक पुन्हा आवडू लागलं आहे. ज्या फरशीला पस्तीस वर्षांपूर्वी गरिबाघरची समजून नाकं मुरडली गेली, तीच आता ‘टेराझो’ म्हणून मासिकांच्या मुखपृष्ठावर दिमाखाने झळकते. म्हणून गोडाऊनमधलं मशीन बाहेर काढावं असं कोणाला ना कोणाला वाटतं, आणि तिथून शोध सुरू होतो.

मशीन उघडलं की आत दोन प्रकारचे भाग दिसतात. पहिल्या प्रकारावर नंबर असतो. बेअरिंग पुसलं की कडेवर 6204 किंवा 6205 दिसतं. 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47, रुंदी 14. हे माप पाटणला, जपानला आणि जर्मनीला एकच. कंपनी कुठलीही असो, साल कुठलंही असो, नंबर सांगितला की दुकानदार फळीवरून खोकं काढतो. पट्ट्याचंही तसंच. बी 48 असं लिहिलेलं असलं की वरची रुंदी 17 मिलिमीटर आणि आतली लांबी 48 इंच. पाठीवरची अक्षरं झिजून गेली असली तर पुलीची खाच बघून आणि दोरीने लांबी मोजून तो मिळवता येतो. कपॅसिटर, ऑइल सील, स्विच, नटबोल्ट ही सगळी याच जातीची मंडळी. मूळ कारखान्याला कुलूप लागून वीस वर्षं झाली असली तरी त्यांचं काही अडत नाही.

दुसऱ्या प्रकारावर काहीच नसतं. दगड धरणारी प्लेट, गिअरबॉक्सचं झाकण, टाकीखालचा नळाचा जोड, दांड्याच्या बिजागराचा कान. हे भाग त्या एका कारखानदाराने स्वतःच्या पॅटर्नवर ओतून घेतलेले असतात. दगडाची खाच किती उतरती, प्लेटचं मधलं भोक किती, चार बोल्टांचं वर्तुळ किती व्यासाचं, हे फक्त त्याच्या कागदावर होतं, आणि तो कागद कारखान्याबरोबर गेला. दगडाचं माप बदललं की नवे दगड जुन्या खाचेत बसत नाहीत. मग लाकडी पाचर ठोकून काम भागवायचं. पाचर पाण्याने फुगते, वाळली की ढिली होते आणि चालू मशीनमधून दगड निसटतो. तो पायावर आला तर काय होतं, ते पॉलिशवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

प्लेट तडकली तर रस्ता कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगराच्या परिसरात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत बिडाचं ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पण फाउंड्रीत पहिला प्रश्न येतो, ‘पॅटर्न आहे का?’ नसेल तर जुनी प्लेटच वाळूत दाबून साचा घ्यायचा, असा सोपा उपाय सुचतो. त्यात एक मेख आहे. बीड थंड होताना आक्रसतं, साधारण एका मीटरला 10 मिलिमीटर. पॅटर्न बनवणारा सुतार म्हणूनच लाकूड मापापेक्षा तेवढं मोठं ठेवतो. जुन्या प्लेटवरून साचा घेतला की नवी प्लेट तीनशे मिलिमीटरला तीन मिलिमीटर लहान निघते. शिवाय जुनीची झीज जशीच्या तशी नव्यात उतरते. जाणता कारागीर आधी झिजलेल्या कडा पुट्टीने भरतो, भोकं बुजवतो, लेथवर काढायच्या जागी जास्तीचा माल सोडतो आणि मगच वाळूला हात लावतो. धातूचा खर्च त्यात किरकोळ असतो. पैसे जातात ते डोक्याला आणि वेळेला, आणि एका नगासाठी ते परवडवायचे कोणी?

गिअरचं दुखणं आणखी बारीक. समजा एका जुन्या मशीनमधल्या गिअरला 24 दात आहेत आणि त्याचा बाहेरचा व्यास 66 मिलिमीटर भरतो. दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने व्यासाला भागलं की मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, येतं जवळपास 2.54. बाजारात कटर मिळतो अडीचचा. फरक नगण्य वाटतो, पण अडीचच्या कटरने काढलेला गिअर 65 मिलिमीटरचा होतो आणि जोडीदाराशी नीट जुळत नाही. मशीन घुमतं, तापतं, दात खातं. तो 2.54 आकडा म्हणजे इंचातली खूण. मूळ गिअर दहा डायमेट्रल पिचचा, इंग्लिश मापाचा आहे. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे 1956 सालचा, पण वर्कशॉपांत सूत आणि इंच पुढे कितीतरी वर्षं चालले. जुना टर्नर अजूनही ‘चार सुताचा बोल्ट’ मागतो आणि अर्ध्या इंचाचा बोल्ट घेऊन जातो. नव्या मुलाने तिथे एम 12 चा बोल्ट आणला की तो 0.7 मिलिमीटरने बारीक पडतो, आटेही वेगळे. मग शोधाशोधीत दिवस जातो आणि दोष मशीनच्या वयाला दिला जातो.

वयाचा यात फारसा संबंध नाही, हे सांगायला एक इंजिन पुरेसं आहे. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने संथ चालणारं सीएस जातीचं डिझेल इंजिन 1930 च्या आसपास बाजारात आणलं आणि 1987 मध्ये बंद केलं. तोवर गुजरातेत राजकोटच्या कारखानदारांनी त्याची नक्कल पाठ करून टाकली होती. त्यामुळे मूळ कंपनीने हात वर केल्यावरही पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, फ्लायव्हील सगळं राजकोटहून मिळत राहिलं आणि मूळ इंग्रजी इंजिनं जपणारे हौशी लोकही तेच भाग मागवू लागले. नक्कल करणाऱ्यांच्या दर्जाबद्दल तक्रारी करता येतील, आहेतही. पण भागाचं माप चार लोकांच्या हाती असल्यामुळे ते यंत्र जिवंत राहिलं. फरशीच्या मशीनचं माप एकाच्याच कपाटात होतं.

सातारा-सांगलीच्या पट्ट्याला हे ऐकून नवल वाटायला नको. 1910 साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारात नेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनली. कराडजवळ ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर लटकला. लाकडी नांगर गावचा सुतार आणि लोहार मिळून दुरुस्त करत. लोखंडी नांगर आला तसा फाळासाठी कारखान्याकडे बघण्याची वेळ आली. कंदिलाची काचही फुटायचीच. यंत्र विकणाऱ्याने त्याचा झिजणारा भागही विकत राहायला हवा, हा व्यवहार या भागाने शंभर वर्षांपूर्वी जवळून पाहिलेला आहे.

आता कायद्याकडे वळू. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली, तरी तत्त्व नोंदलं गेलं. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’चं पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. 2025 च्या मे महिन्यात एका समितीने ‘दुरुस्तीसुलभता निर्देशांका’चा आराखडा सरकारला दिला, पहिल्या टप्प्यात त्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट आहेत. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनच्या ठरावीक सुट्या भागांसाठी, ते मॉडेल बाजारात येणं थांबल्यावरही दहा वर्षं पुरवठ्याची हमी बंधनकारक केली आहे.

हे सगळं स्वागतार्ह आहे आणि तरीही पाटणच्या गोडाऊनमधल्या मशीनला त्याचा काडीचा उपयोग नाही. हे सारे नियम गृहीत धरतात की कंपनी जागेवर आहे, तिला नोटीस पाठवता येते, तिच्याकडे ग्राहक सेवा क्रमांक आहे. छोट्या कारखानदाराचं यंत्र याच्या बाहेर राहतं, आणि छोट्या गावातली कामाची यंत्रं बहुतेक छोट्या कारखानदारांचीच असतात. पॉलिशचं मशीन आज बंद पडलंय, उद्या शेवया आणि पापडाच्या यंत्रांवर तीच पाळी येईल.

बंद पडणाऱ्या कारखान्याने पन्नास वर्षं माल साठवून ठेवावा, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. गोडाऊनचं भाडं, गुंतलेलं भांडवल, गंज या अडचणी खऱ्या आहेत. माप जाहीर करायला मात्र यातलं काहीच लागत नाही. यंत्र विकताना त्याबरोबर झिजणाऱ्या प्रत्येक भागाचा मापासह तक्ता द्यावा. जिथे प्रमाणित भाग चालतो तिथे तोच वापरावा आणि त्याचा नंबर यंत्राच्या अंगावर कोरावा. कागद हरवतो, बिडावरचा आकडा राहतो. उत्पादन थांबवताना ड्रॉइंग सार्वजनिक करावीत. धंद्याचं गुपित म्हणून ती दाबून ठेवण्याचं कारण उत्पादन थांबल्यावर उरत नाही. मोझॅक टाइल कशी असावी यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 1237. ती घासणाऱ्या प्लेटचं माप मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, हा कारभार अजब आहे.

जुनं ते सगळं पुन्हा चालू करावं, असंही नाही. पॉलिशचं मशीन पाण्यात उभं राहून चालवायचं असतं. तीस वर्षांची कडक झालेली केबल, तुटलेलं अर्थिंग, लोखंडी दांडा आणि ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, हे मरणाला आमंत्रण आहे. प्लेट मिळो न मिळो, आधी वायरिंग नवीन घालावं, अर्थिंग तपासावं आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. हा भाग कराडला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पाण्याशिवाय घासाई करू पाहणाऱ्यांनाही आवरायला हवं. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते.

जुन्या यंत्रांचं काय, याला उत्तर जिल्ह्यातच आहे. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर आणि मशिनिस्टची मुलं दर वर्षी ठरलेले जॉब करतात आणि ते भंगारात जातात. त्यांना तालुक्यातल्या बंद यंत्रांचा एकेक भाग मोजायला द्यावा. व्हर्नियर, गिअरचे दात मोजणं, आट्यांचा गेज लावून इंच की मिलिमीटर ते ओळखणं, मग ड्रॉइंग काढणं, हा सगळा अभ्यासक्रमातलाच भाग आहे. ती ड्रॉइंग जिल्हा उद्योग केंद्रात कोणालाही पाहता येतील अशी ठेवावीत. एकाच मापाच्या प्लेटा लागणारे पाच पॉलिशवाले पाटण, कराड, इस्लामपूर, विटा मिळून निघाले तर पॅटर्नचा खर्च पाचांत वाटला जातो आणि फाउंड्रीवालाही काम हातात घेतो. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या उद्योग केंद्रांनी यासाठी एक रजिस्टर उघडावं आणि पहिल्या पानावर दगड धरणाऱ्या प्लेटचीच मापं लिहावीत: बाहेरचा व्यास, मधलं भोक, बोल्टांचं वर्तुळ, खाचेचा उतार.