बाजाराचा पैसा बाजारासाठी, पण मत कोणाचे?

बाजारपेठेत दिवाबत्ती, सफाई, चौकीदार यांचा विषय निघाला की वर्गणीची यादी फिरते. दहाजण देतात, वीसजण ‘नंतर या’ म्हणतात. रस्ता उजळला की गिऱ्हाईक मात्र सर्वांच्याच दारात येते. पुढच्या वर्षी देणारेही हात आखडतात आणि काम थांबते.

कॅनडातील टोरोंटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेने यावर तोड काढली. १९६० च्या दशकात तेथे ट्रामऐवजी भुयारी रेल्वे आली. खिडकीतून दुकाने पाहणारा उतारू जमिनीखालून जाऊ लागला आणि मोटारवाले मॉलकडे वळले. ऐच्छिक वर्गणी पुरेना. तेव्हा दुकानदारांनीच कायद्याची मागणी केली आणि १९७० मध्ये ‘व्यवसाय सुधार क्षेत्र’ अस्तित्वात आले. जगातील हे पहिलेच मानले जाते.

योजना सरळ आहे. पेठेची हद्द ठरवायची. हद्दीतील व्यापारी मालमत्तांवर, त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात, नेहमीच्या कराखेरीज जादा आकारणी करायची. वसुली पालिका करते, परंतु पैसा त्याच पेठेच्या मंडळाकडे येतो. दिवे, बाक, झाडे, सजावट, जाहिरात यांवर तो खर्च होतो. चुकवेगिरीला वाव राहत नाही. ही रक्कम कर्ज नसल्याने व्याजाचाही प्रश्न येत नाही. काही ठिकाणी मंडळे कर्जरोखे काढतात. त्यापासून मात्र आपण दूरच राहावे.

आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. पैसा कोण देतो आणि मत कोणाला मिळते? टोरोंटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे, तेथील कायद्याने भाडेकरू दुकानदारही सभासद असतो. कोणाचे गाळे कितीही असोत, मत एकच. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार आकारणी भरणाऱ्यांचे मतदान होते. संख्येने व करमूल्यानेही बहुमत लागते आणि मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. न्यूयॉर्कमध्ये उलट, मंडळात निम्म्याहून अधिक प्रतिनिधी मालमत्ताधारकांचेच लागतात. तेथील काही मंडळांनी फेरीवाल्यांवर निर्बंध आणण्याचा आग्रहही धरला होता.

आपले बहुसंख्य बांधव पागडीच्या वा भाड्याच्या गाळ्यात बसतात. वाढीव कर अखेर भाडेकरूच्या माथी येतो. पेठ सुधारली की जागेची किंमत वाढते, फायदा मालकाचा होतो आणि पोटमाळ्यावर जरीकाम करणाऱ्या कारागिराला जागा सोडावी लागते. म्हणून आपल्या शहरात अशी योजना कोणी मांडली तर तिला डोळे मिटून विरोध करू नये आणि आंधळा होकारही देऊ नये. अटी आधी लिहून घ्याव्यात. गाळेधारक व कारागीर यांना मत असावे. मुदत पाच वर्षांची असावी. जमाखर्च दर सालास बाजारात फलकावर लागावा. फेरीवाल्याची जागा आराखड्यात असावी. आणि पालिकेने आपल्या झाडूचा, दिव्याचा खर्च या पैशावर ढकलू नये.

मशवरा ही आपली जुनी शिकवण आहे. ज्याच्या गल्ल्यातून पैसा जातो, त्याला मशवऱ्यात बसवा. मग वर्गणीची यादी फिरवावी लागणार नाही.