एकानं काही होत नाही!

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून नागपूरहून घरी परतलेल्या माणसाला आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सर्वांत मोठा धाक असतो तो पंगतीचा. शस्त्रक्रिया दुर्बिणीची असते. पोटावरची चार-पाच छोटी छिद्रं लवकरच भरून येतात. पंगत मात्र वर्षभर उठत नाही. बारसं, साखरपुडा, लग्न, तेरवी, गणपतीचा महाप्रसाद, दिवाळीनंतरची मंडई. आणि दर पंगतीत कोणी वाढपी, कोणी मामी, कोणी व्याही ताटावर वाकून म्हणतातच, ‘‘एवढंसंच? घ्या ना वो, एकानं काही होत नाही.’’

होतं. एकानं होतं, आणि ते होतं तेव्हा आग्रह करणारा तिथं नसतो. तो पुढच्या ताटापाशी पोचलेला असतो.

काय होतं ते आधी नीट समजून घेऊ. ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कापून काढून टाकतात. उरते एक अरुंद नळी, तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. ‘बायपास’मध्ये जठराची तीसेक मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पहिले काही दिवस फक्त पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न. तेही नेहमीसारखं नाही. घास बारीक चावायचा. जेवणाला वीस-तीस मिनिटं द्यायची. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी वरण, अंडं, मासा, पनीर. भात-पोळी मागून, पोटात जागा उरली तर. रोज साठेक ग्रॅम तरी प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळानं रक्ताची तपासणी, हे जन्मभर.

आता याच नियमांवर चंद्रपूरचा मे महिना ठेवून बघा. पारा ४६-४७ अंशांवर गेलेला असतो, आपण तांब्या तोंडाला लावून गटागटा पितो. या माणसाला ती मुभा नाही. दीड-दोन लिटर पाणी त्याला दिवसभरात घोटाघोटानं संपवायचं असतं. बल्लारपूर-घुग्घुसच्या कामगारानं पाळीवर दर दहा मिनिटांनी बाटली तोंडाला लावली, की मुकादम विचारतो, काय चाललंय. शाळेतली शिक्षिका तासाच्या मध्ये घोट घेते तेव्हा पोरंही हसतात. शरीराला पाणी कमी पडलं म्हणून शस्त्रक्रियेनंतर परत दवाखान्यात भरती व्हावं लागणं ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. सुधारणा म्हणून मोठं काही करायला नको. एका माणसाला कामाच्या जागी बाटली बाळगू द्यायची आहे.

लाडवाकडे येतो. बायपास झालेल्या माणसानं बुंदीचा लाडू किंवा पाकातली जिलबी खाल्ली की साखर जठरात न थांबता आतड्यात उतरते. थोड्याच वेळात घाम फुटतो, छातीत धडधडतं, चक्कर येते, जुलाब होतात. मांडवाच्या मागं अंधारात एखादी बाई ओकत असते आणि मांडवात लोक म्हणत असतात, ‘‘नाजूक झाली वो, पचत नाही तिला.’’ स्लीव्हवाल्याला भाताचा एक जादा घास घशाखाली अडकतो. तो ओकून पडेपर्यंत छातीत दुखत राहतं.

अशा उलट्या आठवडेच्या आठवडे चालल्या, तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. मग डोळे नीट फिरत नाहीत, पाय लटपटतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वेळेवर शिरेतून बी-१ दिलं तर तो सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि आपल्याकडं असंबद्ध बोलणाऱ्या माणसाला आधी कुठं नेतात, हे मी सांगायला हवं का? जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. जिथं असा समज अजून जिवंत आहे, तिथं जीवनसत्त्वाअभावी बरळणाऱ्या बाईच्या कपाळी अंगारा लागण्याची धास्ती मला वाटते. उलट्या थांबत नसतील तर गाडी करा आणि दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया झाली आहे हे तिथल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा.

पण ते सांगायलाच लोक भितात, आणि त्याला जबाबदार आपण आहोत. सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांत छापून आलं, त्यांनीही पुढं कधी लपवलं नाही. वजनदार पुरुषानं केली तर ती तब्येतीची काळजी. वरोऱ्याच्या, मूलच्या, आरमोरीच्या बाईनं केली तर ती सासरी ‘पित्ताशयाचं ऑपरेशन’ म्हणून सांगते. खरं बोलली तर काय ऐकावं लागेल हे तिला पाठ असतं. ‘पैसे देऊन बारीक झाली.’ ‘तोंडावर ताबा नव्हता.’ लठ्ठ होती तेव्हा याच तोंडांनी तिला ‘खात्यापित्या घरची’ म्हणून चिमटे काढले होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, ते बहुतेकदा तात्पुरतं असतं. पण शेजारीण तेवढ्यात ‘मोठा रोग दिसतो’ असं गावभर करून मोकळी होते. तिच्या पोटाचा आकार ही सगळ्या आळीची मालमत्ता आहे अशा थाटात आपण बोलतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लपवण्याची किंमत तिचं शरीर मोजतं. गावच्या डॉक्टरला तिनं काही सांगितलेलं नसतं, म्हणून तो कंबरदुखीवर नेहमीची तीव्र वेदनाशामक गोळी लिहून देतो, आणि बायपासच्या जोडावर त्या गोळीनं व्रण होऊ शकतो. सासूला माहीत नसतं, म्हणून सहा महिन्यांत नातवाचा विषय निघतो. शस्त्रक्रियेनंतर एक ते दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये असं डॉक्टर बजावून सांगतात, कारण तेवढ्या काळात वजन झपाट्यानं उतरत असतं आणि आईच्याच अंगात पुरेसं काही नसतं. तेवढा काळ तिनं टोमणे ऐकायचे, आणि उत्तर द्यायचं नाही.

गेल्या वर्षी सिंदेवाहीकडच्या एका मंडईत मी जे पाहिलं, ते सांगतो. मंडई म्हणजे काय हे झाडीपट्टीत सांगावं लागत नाही. धान निघतं, गाव पाहुण्यांनी भरतं, रात्रभर नाटक चालतं. त्या घरी बाईमाणसांची दुपारपासून चूल पेटलेली होती. सुनेची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालेलं नव्हतं. पुरुषांची पंगत, पोरांची पंगत, नाटकवाल्या पाहुण्यांची पंगत, मग म्हाताऱ्या. ती खाली बसली तेव्हा नाटकाचा पहिला अंक सुरू होऊन गेला होता. मटणाच्या गंजात रस्सा आणि दोन हाडं उरली होती. वरण तळाला लागलं होतं. भात मात्र भरपूर होता, तोच तिनं घेतला. चार घास झाले असतील, तोच बाहेरून हाक आली: चहा. ती उठली. ताट तसंच राहिलं. घरातली माणसं वाईट नव्हती. शस्त्रक्रियेचे काही लाख रुपये त्यांनीच उभे केले होते. एवढा पैसा घालणाऱ्या घराला तिला अर्धा तास बसू देण्याचं मात्र सुचलं नाही.

‘आधी प्रथिनं’ हा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला नियम. ‘बाई शेवटी’ हा आपल्या घराचा पहिला नियम. दोन्ही एका चुलीवर नांदूच शकत नाहीत. शेवटी जेवणारीच्या वाट्याला जे उरतं ते भात असतं, डाळ नसते. काही घरांत याहून वाईट. डॉक्टरनं अंडं खायला सांगितलेलं असतं आणि स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. राज्याच्या अमृत आहार योजनेत २०१६ पासून आदिवासी भागातल्या अंगणवाडीत बालकांसाठी अंडं येतं, ते एटापल्लीपर्यंत पोचतं. आणि शहरातल्या शिकलेल्या घरची सून तेच अंडं माहेरी जाऊन चोरून खाते. आपल्या भागात मामा तलावांतला मासा आहे, बांधीतले झिंगे आहेत, वाल आहे, चणा आहे. मऊ शिजवलेला मासा तर या रुग्णाला सहज जातो. अन्नाचा तुटवडा नाही. तिला ते पहिल्यांदा वाढण्याची रीत नाही.

कोणी म्हणेल, ज्या गडचिरोलीतून बालमृत्यूंवर ‘कोवळी पानगळ’सारखा अहवाल निघाला, तिथं लठ्ठ माणसांच्या शस्त्रक्रियेची काय चिंता करता? मला हा प्रश्न गंभीरपणे घ्यावासा वाटतो. माझं उत्तर असं की दोन्ही दुखणी एकाच ताटातून येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि सुमारे २३ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. या दोन गटांत एकच बाई असू शकते. रेशनचा तांदूळ, साखरेचा चहा, तेलातला वडा, आणि डाळीचं नुसतं पाणी: याच ताटानं एकीचं बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि दुसरीचं अंग सुटतं. भुकेची काळजी करणाऱ्यानं या बाईला परकी मानायचं कारण नाही.

पुरुषांबद्दलही बोललं पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात. आपल्याकडं भेट झाली की खर्ऱ्याची पुडी पुढं येते, आणि नाही म्हणणारा माणूस गर्विष्ठ ठरतो. दारूचं तर याहून भयंकर. बायपास झालेल्या शरीरात दारू फार लवकर भिनते आणि जास्त चढते; पुढच्या वर्षांत व्यसन जडण्याचा धोकाही वाढतो, हे अभ्यासांत दिसून आलं आहे. दोन वाट्या अन्नानं पूर्वी मिळणारं समाधान गेलेलं असतं, ते माणूस ग्लासात शोधू लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचं अभियान गावोगाव काम करत आहे. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. त्या पायपिटीची लाज आपण राखली नाही. आता त्याच जिल्ह्यात मित्र मित्राला म्हणतो, ‘‘पोट बारीक केलं ना? मग एक पेगातच काम भागंल.’’ ज्यानं जीव वाचवायला पोट कापून घेतलं त्याला असं म्हणणारा मित्र नव्हे.

व्यवस्थेचाही हिशेब मांडू. भारतीयांच्या शरीराची ठेवण पाहून शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया ३७.५ बीएमआयला, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ ला योग्य मानली. विम्याचे नियम मात्र ४० आणि ३५ धरून बसले आहेत. डॉक्टर ‘करा’ म्हणतात, विमा कंपनी ‘अजून वाढा’ म्हणते. मग शेत गहाण पडतं. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. सिरोंचा-भामरागडकडून तर येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात. म्हणून तपासण्या चुकतात, गोळ्या संपतात त्या परत येत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांनी बी-१२ अभावी हातापायाला मुंग्या घेऊन माणूस दारात येतो. बी-१२ चं इंजेक्शन महाग नाही आणि ते द्यायला मोठा सर्जन लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर ते देऊ शकते, तिच्या हाती तेवढी चिठ्ठी आणि औषध दिलं पाहिजे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. चिमूर-ब्रह्मपुरीकडं ती गावोगाव वाचली जाते. वाचणाऱ्यांनी या कामाकडंही बघावं.

गडचिरोलीतच डॉ. अभय बंग यांनी हृदयरोगानंतर स्वतःचं जेवण, स्वतःचा दिवस कसा बदलला ते लिहिलं, आणि सगळ्या महाराष्ट्रानं ते पुस्तक डोक्यावर घेतलं. म्हणजे आजारानंतर कमी खाणाऱ्याचा मान राखणं आपल्याला येतं. तो मान नामवंतांपुरता राखून ठेवू नका.

येती लग्नसराई आपल्या हातात आहे. वाढप्यांना सांगून ठेवा, जो माणूस ताटावर हात आडवा धरेल त्याला दुसऱ्यांदा वाढायचं नाही आणि कारणही विचारायचं नाही. अशी शस्त्रक्रिया झालेली बाई तुमच्या घरात असेल, तर पहिल्या पंगतीत तिचं पान मांडा, त्यात आधी वरण आणि मासा किंवा अंडं वाढा, आणि तिचं जेवण होईपर्यंत चहाची हाक दुसऱ्या कोणीतरी झेला. पुरुषांनो, ती हाक तुम्हीही झेलू शकता.