‘वेडसर’ लिहिणं बंद केलंय
‘हरवले आहेत’च्या बातम्यांत मी वर्षानुवर्षं ‘वेडसर वृद्ध’ असं लिहीत आलो. चुकलंच. घरचा रस्ता विसरणं म्हणजे वेड नव्हे, अल्झायमर असू शकतो. आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो. अहो, बी-१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं! आधी रक्त तपासा. अल्झायमरच निघाला तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींची लक्षणं काही काळ सावरतात. आजार बरा होत नाही. पुढे सगळा भार घरच्या सुनेवर. तिच्यासाठी तालुक्याला काय आहे? नेतेमंडळी, वाढदिवसाच्या शिबिरांत बीपी-शुगर बघताच, दोन प्रश्न स्मरणशक्तीचेही विचारा की. आणि म्हाताऱ्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी आजच ठेवा.