आकाशाची रात्रपाळी

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरीची संध्याकाळ. महाराष्ट्रात सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, गच्च्यांवर सतरंज्या पसरल्या जात होत्या, दूध आटत होते. पावणेसातच्या सुमारास नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या शोधकावर गॅमा किरणांचा असा काही मारा झाला की काही क्षण त्याची मोजदादच कोलमडली. सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला हा स्फोट आजवर नोंदलेल्यांपैकी सर्वांत तेजस्वी. जीआरबी २२१००९ए असे रूक्ष नाव मिळालेल्या या स्फोटाने पृथ्वीचे आयनांबरही हलवले, आणि असा प्रखर स्फोट पृथ्वीवरून साधारण १०,००० वर्षांतून एकदा दिसावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या घडीला युरोपात दुपार होती, अमेरिकेत सकाळ. रात्र होती ती आशियात, आणि आकाशातली ती जागा पुण्या-मुंबईच्या जवळजवळ थेट डोक्यावर होती. पण तिचा नेमका पत्ता जगाला कळायला सात वाजून चाळीस मिनिटे व्हावी लागली. फर्मीला स्फोट दिसतो, मात्र दिशा ढोबळच कळते. अचूक पत्ता देणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाच्या टप्प्यात ही जागा आली ती ५३ मिनिटांनी, आणि तेव्हाही आधी वाटले की हे आपल्याच आकाशगंगेतले काहीतरी आहे. मधली ५३ मिनिटे हा या विज्ञानातला कळीचा प्रश्न आहे. भारताने या क्षेत्रात पैसा आणि माणसे कशावर लावावीत, याचे उत्तरही त्यातच आहे: दुर्बिणीचा आरसा किती मोठा, यापेक्षा तो किती लवकर वळतो आणि पृथ्वीच्या कोणत्या बाजूला उभा आहे, याला इथे जास्त किंमत आहे.

या स्फोटांची पहिली गाठ पडली तीही भलत्याच कामात. सोव्हिएत रशिया चोरून अणुचाचण्या करत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते. जुलै १९६७ मध्ये त्यांना गॅमा किरणांचा एक झोत दिसला, तो पृथ्वीवरून नव्हे तर अंतराळातून आलेला. ही गोष्ट प्रसिद्ध झाली १९७३ मध्ये. त्यानंतर जवळजवळ पाव शतक हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या अंगणात होतात की विश्वाच्या दूरच्या टोकाला, यावर नामवंतांचे वाद झडत राहिले. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने असे हजारो स्फोट नोंदवले, ते सगळ्या दिशांनी सारखेच येतात हे दाखवले, पण अंतराची गाठ सुटली नाही. ती सुटली १९९७ मध्ये, आणि तीही एखाद्या अजस्र यंत्रामुळे नव्हे. इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने २८ फेब्रुवारीच्या एका स्फोटानंतर काही तासांतच आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि स्फोटामागे उरलेली धग टिपली. त्या पत्त्यावर जमिनीवरच्या दुर्बिणींनाही साधा प्रकाश दिसला. मे महिन्यात आणखी एका स्फोटाच्या धगेचा वर्णपट मिळाला आणि अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे निघाले. नुसते गॅमा किरण मोजत बसून तीस वर्षांत जे कळले नव्हते, ते वेळेवर वळलेल्या दुर्बिणींनी तीन महिन्यांत सांगितले.

गॅमा किरण वातावरणात अडतात, म्हणून स्फोट ओळखण्याचे काम उपग्रहांचेच. प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून एक होतात, तेव्हा प्रकाशाच्या जवळपास वेगाने द्रव्याचा झोत बाहेर पडतो. गॅमा किरणांचा खेळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा. झोत भोवतालच्या वायूवर आदळून पेटणारी धग मात्र क्ष-किरणांत, साध्या प्रकाशात आणि रेडिओ लहरींत काही दिवस, कधी काही महिने टिकते. स्फोट किती दूर, कोणत्या दीर्घिकेत, कशामुळे झाला, झोत किती अरुंद होता, हे सगळे या धगेतून वाचायचे असते. आणि ती विझत चाललेली असते.

इथे एक ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. धगेचे तेज बहुतेक वेळा वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटते. एका मिनिटाला जेवढे तेज असते, त्याचा शंभरावा हिस्सा १०० मिनिटांनी उरतो. दुर्बीण किती प्रकाश गोळा करते हे आरशाच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. म्हणजे ७० सेंटिमीटरची दुर्बीण एका मिनिटात वळली, तर तिच्या पदरात पडणारा प्रकाश १०० मिनिटांनी वळलेल्या ७ मीटरच्या दुर्बिणीइतका असतो. प्रत्येक धग इतकी शिस्तीत घटत नाही हे खरे, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. शिवाय पहिल्या काही मिनिटांत जे दिसते ते नंतर कितीही मोठा आरसा लावला तरी दिसत नाही, कारण ते उरलेलेच नसते. जानेवारी १९९९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रोट्सी या स्वयंचलित उपकरणाने स्फोटानंतर २२ सेकंदांत छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली आणि नवव्या प्रतीपर्यंत उजळलेला झगझगाट पकडला. साध्या द्विनेत्रीतून दिसावा इतका हा प्रकाश अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा होता, आणि तो पकडणारे उपकरण म्हणजे छायाचित्रकारांच्या दूरदर्शी भिंगांचा एक संच. १९ मार्च २००८ चा स्फोट तर काही क्षण नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळला, जरी त्याचा प्रकाश ७५० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. तो पहिल्या क्षणापासून टिपला गेला, कारण अर्ध्या तासापूर्वी आकाशाच्या त्याच भागात दुसरा स्फोट झाला होता आणि चिलीतले लहान, रुंद नजरेचे कॅमेरे आधीच तिकडे रोखलेले होते. दैव म्हणा हवे तर, पण ते जाग्या यंत्रांच्याच वाट्याला येते.

आता जागेचा मुद्दा. स्फोट सांगून होत नाहीत आणि पृथ्वी फिरत राहते, त्यामुळे कोणत्याही क्षणी निम्म्या जगात उजेड असतो. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात जशा पाळ्या लागतात, तशी प्रत्येक रेखांशाची एक रात्रपाळी असते, आणि तिथला माणूस गैरहजर असला तर तेवढा वेळ यंत्र बंद. कॅनरी बेटे आणि पूर्व ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये निम्म्या जगाएवढा पट्टा पसरला आहे आणि त्यात दर्जेदार वेधशाळा मोजक्या आहेत. या पट्ट्याच्या साधारण मध्यावर लडाखमधले हान्ले आहे: सुमारे ४,५०० मीटर उंची, कोरडी हवा, पावसाळ्यातही तुलनेने निरभ्र आकाश. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८ पासून ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया ही दुर्बीण चालवली आहे. देशातली ही पहिली पूर्ण स्वयंचलित संशोधन-दुर्बीण. उपग्रहाचा इशारा आला की माणसाच्या परवानगीवाचून ती वळू शकते. कोजागिरीच्या त्या स्फोटाची धगही तिने टिपली. ही परंपरा एका रात्रीत उगवलेली नाही. १९९९ च्या त्याच स्फोटाची धग नैनितालच्या जेमतेम एक मीटरच्या जुन्या दुर्बिणीने नोंदवली होती. नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीच्या नोंदी डिसेंबर २०२१ च्या एका विलक्षण स्फोटाच्या उलगड्यात कामी आल्या. लांबलेला स्फोट म्हणजे कोसळणारा तारा, हे पाठ्यपुस्तकी समीकरण त्याने मोडले. रेडिओ धगेसाठी जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. अवकाशात २०१५ पासून ॲस्ट्रोसॅट आहे. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि इतर संस्थांनी घडवलेल्या त्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाने नोव्हेंबर २०२३ पर्यंत ६०० गॅमा स्फोट नोंदवले होते.

एवढे असूनही साखळीत एक कडी कमी आहे, आणि १७ ऑगस्ट २०१७ ची घटना ती उघडी पाडते. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या उपकरणांत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी उमटल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरणांचा छोटा स्फोट दिसला. स्विफ्ट आणि ॲस्ट्रोसॅट दोघांच्याही आड त्या वेळी पृथ्वी आली होती. ती दीर्घिका १३ कोटी प्रकाशवर्षांवरची; सूर्यास्ताच्या वेळी ती भारताच्या नैर्ऋत्य आकाशात होती. पण शोधण्याजोगा नकाशा खगोलज्ञांच्या हाती पडेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि दीर्घिका केव्हाच मावळली होती. टकरीनंतर अकराएक तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीने ती जागा शोधली. स्वोपचा आरसाही एक मीटरचाच. शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एक पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो शेजारच्या साडेसहा मीटरवाल्यांनी नव्हे.

ती कमी असलेली कडी म्हणजे सगळे आकाश एकाच वेळी डोळ्यांखाली ठेवणारा पहारा. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने, टीआयएफआर, आयुका, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था यांनी मिळून 'दक्ष' मोहिमेचा प्रस्ताव मांडला आहे तो यासाठीच. एकसारखे दोन उपग्रह, पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसऱ्याला दिसेल. २०१७ मध्ये नेमके हेच हवे होते. दुसरीकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही तशीच वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० च्या सुमारास ती कामाला लागावी अशी अपेक्षा आहे. ती आली की गुरुत्वीय लहरींचा उगम आकाशात कुठे, हे आजच्यापेक्षा कितीतरी नेमके सांगता येईल. मराठवाड्यात टकरीची चाहूल लागावी आणि तिचा उजेड पाहण्यासाठी आपण दुसऱ्यांच्या उपग्रहांकडे पाहत बसावे, ही तजवीज विचित्र आहे.

यावर पहिला आक्षेप असा की फर्मी-स्विफ्टचे इशारे काही सेकंदांत साऱ्या जगाला फुकट मिळतात, मग स्वतःचा उपग्रह कशाला? ही खुली व्यवस्था खरोखर कौतुकाची आहे, विज्ञानात इतका मोकळेपणा क्वचित दिसतो. पण स्विफ्ट २००४ चा, फर्मी २००८ चा. सूर्याच्या वाढत्या सक्रियतेमुळे स्विफ्टची कक्षा इतकी घसरली की त्याला वर ढकलण्याचे काम २०२५ मध्ये नासाला एका खासगी कंपनीकडे सोपवावे लागले. चीनने २०२४ मध्ये आइनस्टाइन प्रोब आणि फ्रान्सच्या साथीने स्वोम असे दोन उपग्रह एकाच वर्षात सोडले. पुढच्या दशकात इशारे कोण देणार, याचे उत्तर त्यांनी दिले आहे. जे फुकट मिळते ते कायम मिळेल, असे कुणी लिहून दिलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'दक्ष'चा पत्ताही स्विफ्टसारखा सुईच्या टोकाएवढा नसेल, काही अंशांच्या घेऱ्यातलाच असेल. मग लहान दुर्बिणी त्या घेऱ्यात चाचपडत बसणार. शिवाय अंतर काढायला वर्णपट लागतो आणि अंधुक धगेच्या वर्णपटाला मोठाच आरसा लागतो. दोन्ही गोष्टी मान्य. पण यातून निघते ते मोठ्या दुर्बिणी सोडा असे नव्हे, तर त्यांच्यापुढे पत्ता शोधून ठेवणाऱ्या लहान दुर्बिणींची फळी उभी करा, असे. ग्रोथ-इंडियाला एका वेळी चंद्रबिंबापेक्षा थोडे रुंद आकाश दिसते. तिच्यासारख्या, पण अधिक रुंद नजरेच्या चार-पाच दुर्बिणी हान्ले, देवस्थळ आणि दक्षिणेत असल्या, तर काही अंशांचा घेरा विंचरून काढणे आवाक्यात येते. ढगांचे भांडणही अशा विखुरलेल्या जागांनीच मिटते. तीस मीटर दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे, ते योग्यच. पण तिला वळायला सांगणारे कुणी नसेल तर धगेच्या बाबतीत तिचा उपयोग उशिराच होणार.

तिसरा आक्षेप नेहमीचा: गरीब देशाला हे परवडते का? मोठ्या आरशांच्या तुलनेत ७० सेंटिमीटरच्या दुर्बिणीचा खर्च किरकोळ असतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न इथे सर्वांत कमी टोचतो. टोचतो तो माणसांचा. स्वयंचलित दुर्बीण म्हणजे माणसाविना चालणारी दुर्बीण नव्हे. हान्लेच्या थंडीत घुमटाची मोटर अडकली तर कुणीतरी ती सोडवायची असते, इशारे वाचणारी संगणकप्रणाली कुणीतरी दर महिन्याला सांभाळायची असते. आपल्याकडे यंत्रासाठी निधी मिळतो, फीत कापली जाते, आणि देखभालीचा भार प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या नेमलेल्या तरुणांवर पडतो. मुदत संपली की ते परदेशी जातात आणि अनुभवही त्यांच्यासोबत जातो. दुर्बिणींच्या वेळवाटप समित्यांनीही, स्फोट झाला की चालू काम थांबवण्याचा अधिकार आधीच लिहून द्यायला हवा. मध्यरात्री फोन करून संमती मागण्यात पहिला तास जातो, आणि तो परत मिळत नाही.

म्हणून इस्रो आणि केंद्र सरकारकडे मागणे दोनच आहे. 'दक्ष'वरचा निर्णय लायगो-इंडिया उभी राहण्याच्या आत घ्यावा, कारण आज मंजुरी मिळाली तरी उपग्रह घडायला वर्षे लागतात. आणि लहान स्वयंचलित दुर्बिणींच्या जाळ्यासाठी यंत्रांइतकीच कायमस्वरूपी तंत्रज्ञांची पदे एकाच वेळी मंजूर करावीत. पदे नसतील तर दुर्बिणी मागूच नयेत.